भेट कुणासाठी, नाव कुणाचे?



नाताळ जवळ आला की भोरच्या बाजारपेठेतल्या दुकानांत चांदण्या लटकू लागतात आणि आपल्या घरात एक नवा प्रश्न उभा राहतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारे लेकरू निरोप आणते, 'वर्गात भेटवस्तूंची अदलाबदल आहे, शंभर रुपयांपर्यंतची वस्तू आणायची.' शिरवळच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या तरुणांकडेही आता हा खेळ आला आहे. चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची. आई विचारते, 'द्यायचे तरी काय?' बाप म्हणतो, 'दुकानात गेल्यावर बघू.' आमचे म्हणणे एवढेच, की दुकानात जाण्याआधी बघावे, आणि ज्याला द्यायचे त्या माणसाकडे बघावे.

भेट देणे आपल्याला नवे नाही. लग्नात, नामकरणात, नव्या घराच्या बुद्धवंदनेला आपण स्टीलचे भांडे नेतो. दुकानातच मशीनने त्यावर नाव घालून घेतो. पण नाव कुणाचे? देणाऱ्याचे! घेणाऱ्याच्या फळीवर एकसारखे सहा डबे आणि त्यांवर सहा नावे. मग वहीत आहेराची नोंद, आणि पुढे तेवढ्याच मोलाची परतफेड. हातात पैसे नसले तर उसने काढून परतफेड. याला हिशेब म्हणावे, भेट म्हणू नये. हिशेब लिहिण्यातच आमची नोकरी गेली, म्हणून हे खात्रीने सांगतो.

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून दहावी पास झालेल्या मुलांचा सत्कार केला. वेल्ह्याकडच्या एका वाडीतली मुलगी माईकवर म्हणाली, 'मी कॉमर्सला जाणार आहे.' आम्ही टाळ्या वाजवल्या, तिला शाल आणि स्मृतिचिन्ह दिले. त्या स्मृतिचिन्हावर आमच्या मंडळाचे नाव मोठ्या अक्षरात होते. दिवाळीनंतर तिच्या घरी जाणे झाले. स्मृतिचिन्ह प्लॅस्टिकच्या पिशवीतच फळीवर होते. पोरगी चुलीजवळ बसून मैत्रिणीकडून एका रात्रीपुरते आणलेल्या पुस्तपालनाच्या पुस्तकातली उदाहरणे वहीत उतरवून घेत होती. आम्ही स्वतः बी. कॉम. झालेलो. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, तरी आम्हाला ऐकू आले नाही. स्मृतिचिन्हाच्या पैशात तिची पुस्तके आली असती. त्या रात्री घरी येऊन आम्हाला जेवण गेले नाही.

आता एका सत्पुरुषाची भेट पाहा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. धनंजय कीरांच्या चरित्रात येते, की चर्नी रोडच्या बागेत रोज एकटाच वाचत बसणारा शाळकरी भीमराव त्यांना दिसला आणि त्यांनी त्याची विचारपूस केली. पुढे भीमराव परीक्षा पास झाला तेव्हा समाजाच्या लोकांनी सभा घेण्याचे ठरवले. सुभेदार रामजींनी आधी नकारच दिला. पोराने परीक्षाच तर पास केली, सभेने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. केळुसकर रामजींचे स्नेही. त्यांनी समजूत घातली, तेच अध्यक्ष झाले, आणि भाषण संपल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. त्या पुस्तकाने आपले मन हलवून सोडले, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेकडे जाणाऱ्या वाटेवरचे ते एक पहिले पाऊल. केळुसकरांना पुढचे काय ठाऊक होते? त्यांना एवढेच ठाऊक होते, की हा मुलगा वाचतो.

अंगुत्तर निकायातल्या सप्पुरिसदान सुत्तात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत: श्रद्धेने द्यावे, आदराने द्यावे, योग्य वेळी द्यावे, मोकळ्या मनाने द्यावे, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न पोचवता द्यावे. शेवटचे लक्षण आपल्या घरांसाठी फार मोलाचे. कर्ज काढून दिलेली भेट देणाऱ्यालाच इजा करते.

म्हणून चिठ्ठीत नाव निघाले की आठ दिवस त्या माणसाकडे लक्ष द्या. रात्रपाळीला दुचाकीवर जाणाऱ्या सोबत्याला थंडीत कानटोपी लागते. डोंगरातल्या वस्तीवरून अंधारात निघणाऱ्या पोराला बॅटरी लागते. चित्रे काढणाऱ्या मुलीला रंगपेटी द्या, आणि तिने कोणता रंग संपवला आहे तेही बघा. आजीला साडी खूप झाल्या. तिच्या तोंडची भीमगीते नातवंडांनी वहीत लिहून काढावीत, वर आजीचे नाव घालावे आणि तिला वाचून दाखवावीत. खर्च एका वहीचा. पुण्या-मुंबईत शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर नाताळाला घरच्या आंबेमोहोर तांदळाची पिशवी घेऊन त्यांच्या दारी जावे. गावाकडची चीज दुकानात मिळत नाही.

आपल्यासाठी तर २५ डिसेंबरचे महत्त्व आणखी आहे. वरंध घाट उतरला की महाड. तिथे १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणूनही पाळला जातो. तेव्हा त्या दिवशी घरच्या बाईला एक भेट अवश्य द्यावी: चूल पुरुषांनी सांभाळावी, आणि तिला काय आवडते ते तिलाच विचारावे. किती घरांत हे आजवर विचारले गेले आहे?

त्या वाडीतल्या मुलीला आम्ही पुढच्याच आठवड्यात पुस्तके नेऊन दिली. पहिल्या पानावर नाव घातले, ते तिचे.

जयभीम.