हलकें आमिष आणि नवशिका

गळानें मासे धरूं इच्छिणाऱ्या नवशिक्यानें धातूचें जड खोटें आमिष प्रथम वापरावें व हलकें मागाहून, असें पुष्कळांचें मत आहे. आमचें मत याच्या उलट आहे. जड आमिष कसेंही भिरकावलें तरी दूर जातें, त्यामुळें हाताचा दोष झांकला जातो. २-३ ग्रॅमचें आमिष तो तत्काळ दाखवितें.

इंग्लंडांतील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनीं १९०५ सालीं स्थिर रिळाच्या चक्रीचें पेटंट घेतलें. सामान्य जुन्या चक्रींत आमिषाला सबंध रीळ फिरवावें लागे; तेवढें बळ हलक्या आमिषांत नसे. स्थिर रिळाच्या कांठावरून दोरा सहज सुटतो, म्हणून हलकें आमिषही दूर जातें.

तथापि साधन मिळालें म्हणजे कला साधली असें नव्हे. बारीक दोरा व लवचीक काठी हवीच. काठी मागें नेऊन तिला आमिषाच्या भारानें वांकूं द्यावें, मग मनगटानें हलकेंच पुढें आणावें. फेंकण्याचें काम काठीच करिते. पाण्यांतही घाई नको. दोरा भरभर गुंडाळल्यास आमिष वर येतें. तें सावकाश बुडूं द्यावें, काठीचें टोंक किंचित् उचलावें, पुन्हां बुडूं द्यावें. पुष्कळदां मासा आमिष बुडत असतांनाच धरितो. म्हणून दोऱ्यावर नजर असावी.

पालकांस विनंति इतकीच, कीं प्रथम मोकळ्या मैदानांत गळाविना लहानसें वजन बांधून मुलांस सराव करूं द्यावा. गळ डोळ्यांत गेल्यास होणारी हानि भरून येत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, येथें जोर आवरावयास जो शिकेल, त्यास पुढें जड आमिष मुळींच अवघड जाणार नाहीं.