ग्रामसभेचा दिवस आणि मजुराची रोजी

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे महाराष्ट्रात ग्रामसभेचे रूढ दिवस आहेत. मराठवाड्यातील पुष्कळ गावांत त्या दिवशी एकच क्रम घडतो. दवंडी होते, फलकावर सूचना लागते, ठरल्या वेळी गणपूर्ती होत नाही आणि सभा तहकूब होते. गावातील १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी तेवढीच उपस्थिती कायदा मागतो. तेवढीही भरत नाही. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मोजक्या सह्यांनी साऱ्या गावाच्या नावे ठराव मंजूर होतात आणि त्यावर शहाणे लोक निष्कर्ष काढतात की, ग्रामीण जनता उदासीन आहे.

ही तक्रार नवी नाही. लोकशाहीची जन्मभूमी म्हणून जिचा गौरव होतो, त्या प्राचीन ग्रीसमधील अथेन्सच्या कारभाऱ्यांनीही ती केली होती. त्यांनी तिच्यावर कोणता उपाय शोधला, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

डोंगर आणि समुद्र यांनी तुकडे पाडलेल्या ग्रीक भूमीत इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून शेकडो नगरराज्ये उदयास आली. त्यांतील बहुतेक आजच्या एखाद्या तालुक्याहूनही लहान होती. राजेशाही मागे पडली तरी सत्ता जमीनदार कुळांच्याच हाती राहिली. अथेन्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्याला स्वतःचा देह तारण ठेवावा लागे आणि कर्ज फिटले नाही तर गुलाम म्हणून विकले जावे लागे. इ. स. पूर्व ५९४ मध्ये सोलोनने ही कर्जे रद्द केली आणि माणसाचा देह तारण घेण्यास कायमची बंदी घातली. अथेन्सच्या लोकशाहीची पहिली पायरी ही अशी ऋणमुक्तीची होती. मताचा अधिकार पुढची गोष्ट होय. सावकाराच्या दावणीला बांधलेला माणूस सभेत हात कोणाच्या बाजूने वर करणार, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरी पायरी क्लेइस्थेनिसची. इ. स. पूर्व ५०८ च्या सुमारास त्याने कुळांच्या जुन्या विभागणीला बाजूला सारून गाव हा राज्याचा पाया केला. १३९ ग्रामघटक ठरले. नागरिकाची नोंद गावात होऊ लागली. पाचशे जणांच्या परिषदेवर लहानमोठ्या प्रत्येक गावातून सभासद जाऊ लागले. पुढे हे सभासद चिठ्ठी टाकून निवडले जात. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आज तहसील कचेरीत निघते. तिच्यामागचे तत्त्व इतके जुने आहे. जन्म आणि पैसा यांची मक्तेदारी मोडण्याचे ते एक साधन होते.

तरीही सभा ओस पडू लागल्या. बाजारात रेंगाळणाऱ्यांना गेरूच्या रंगात बुडविलेल्या दोरीने सभेच्या टेकडीकडे हाकलत नेल्याचे वर्णन नाटककार अरिस्टोफनिसने केले आहे. दोरीने भागले नाही. शेवटी इ. स. पूर्व ४०३ नंतरच्या काही वर्षांत अथेन्सने सभेस येणाऱ्याला उपस्थितीचा मोबदला देण्यास सुरुवात केली. प्रथम एक ओबोल, मग दोन, मग तीन. न्यायपंचांना असा मोबदला पेरिक्लिसच्या काळापासूनच मिळत होता. गरीब माणूस सभेला येत नाही, कारण त्या दिवसाची रोजी बुडते, हे साधे सत्य राज्याने अखेर मान्य केले. अशा मोबदल्याने लोक आळशी व लोभी होतात, ही टीका तेव्हाही झाली. ती प्लेटोच्या ग्रंथांत सापडते, आणि प्लेटोला स्वतःला रोजी बुडण्याची चिंता नव्हती.

आता वाटूरकडे पाहावे. जालना जिल्ह्यातील हे गाव परतूर तालुक्यात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राजवटीत होता. संविधानाने येथील प्रत्येक प्रौढाला मत दिले आणि १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. परंतु मंठा-परतूर पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. उचलीची वेसण शाबूत आहे. प्रजासत्ताक दिनी गावात ग्रामसभा भरते, तेव्हा ही माणसे कोणत्या तरी कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत असतात. त्यांच्या पश्चात घरकुलांची यादी वाचली जाते. सोलोनची पायरीच जेथे पूर्ण चढलेली नाही, तेथे उदासीनतेचा आरोप करणे हा क्रूर विनोद होय.

अथेन्सचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तेथे स्त्रियांना, गुलामांना व परक्यांना सभेत स्थान नव्हते. लॉरियनच्या चांदीच्या खाणी गुलामांच्या घामावर चालत. भारतीय खेडे म्हणजे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर आहे, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बजावले होते, तेही विसरता येत नाही. हक्कांच्या बाबतीत आपले संविधान अथेन्सच्या कितीतरी पुढे आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण अथेन्सने ज्यांना कायद्याने वगळले, त्यांनाच येथे गैरहजेरी वगळते. दलित, भटके, भूमिहीन आणि कष्टकरी स्त्रिया सभेत नसतील, तर सभा पुन्हा वाड्याचीच होते.

राज्यकर्त्यांचा वाद वेगळ्याच गोष्टीवर चालतो. सरपंच थेट जनतेने निवडावा असे २०१७ मध्ये ठरले, २०२० मध्ये ते रद्द झाले, २०२२ मध्ये पुन्हा लागू झाले. कोणत्या पक्षाला काय सोयीचे, याचाच तो हिशेब. ग्रामसभेत कोण बसू शकतो, हा प्रश्न यांपैकी कोणत्याही सरकारला पडला नाही.

समाजवादी चळवळीने तो विचारला पाहिजे. डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्यात गाव हा पहिला खांब होता. तो उभा करायचा तर दोन मागण्या तातडीने पुढे आल्या पाहिजेत. ग्रामसभेला हजर राहणाऱ्या मजुराला त्या दिवसाची किमान मजुरी मिळावी. आणि घरकुल, रोजगार व पाणी यांविषयीचे ठराव ऊसतोड कामगार गावी परतल्यानंतरच्या सभेतच व्हावेत. पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. अथेन्सने सभेचा मोबदला सुरू केला तो इ. स. पूर्व ४०४ च्या पराभवानंतर, साम्राज्य व त्याची खंडणी हातची गेल्यावर. भरल्या तिजोरीतून केलेले ते दान नव्हते. आमदारांना अधिवेशनाचा दैनिक भत्ता मिळतो, ग्रामपंचायत सदस्यालाही बैठक भत्ता आहे. मग ग्रामसभेच्या मूळ मालकानेच उपाशीपोटी लोकशाही का चालवावी? ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून कामाचा हक्क मान्य केला, त्याला ही मागणी अवघड वाटू नये.

येत्या हंगामापूर्वी कार्यकर्त्यांनी गावोगाव जावे, उचलीचे हिशेब मांडावेत आणि या मागणीचे ठराव प्रत्येक ग्रामसभेत मांडावेत. गरिबाला सभेत बसण्याची फुरसत मिळवून देणे, हे लोकशाहीचे पहिले काम आहे.