अलास्काची एक केबल आणि दुसरीचं बिल

जानेवारी 2025 मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ समुद्राखालची एक फायबर केबल तुटली. केबल क्विंटिलियन नावाच्या कंपनीची. तुटली कुठे, हे कळायला फार वेळ लागत नाही. फायबरमध्ये प्रकाश सोडायचा आणि तो किती अंतरावरून परत येतो ते मोजायचं. अडचण दुसरीच होती. वर समुद्र गोठलेला, त्यामुळे दुरुस्तीचं जहाज बर्फ वितळेपर्यंत तिथे जाऊच शकत नाही. म्हणजे जानेवारीत तुटलेल्या केबलसाठी थेट उन्हाळ्याची वाट बघायची. आपल्याकडे सोसायटीचं वायफाय दोन तास गेलं तर ग्रुपवर काय होतं, ते आठवा!

आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. जून 2023 मध्ये याच भागात, ओलिकटॉक पॉइंटच्या उत्तरेला, हीच केबल तुटली होती. समुद्रात बर्फाचे मोठे ढिगारे वाहत असतात. त्यांचा खालचा भाग उथळ पाण्यात तळाला टेकतो आणि नांगर फिरवावा तसा तळ खरवडत जातो. तळात पुरलेली केबलही त्यात सापडते. तेव्हा ती जोडायला सप्टेंबर उजाडला.

बातम्यांमध्ये सगळा दोष बर्फाला दिला गेला. मला तो अर्धाच पटतो.

नकाशा बघा. ही केबल नोमपासून निघते आणि कॉट्झब्यू, पॉइंट होप, वेनराइट, उत्कियाविक अशी गावं घेत प्रुडो बेला येते. लांबी सुमारे 1,900 किलोमीटर. प्रुडो बेपासून पुढे जमिनीवरच्या फायबरने फेअरबँक्स आणि मग बाकी जग. म्हणजे बाहेर पडायचं दार एकच, प्रुडो बे. दाराजवळच केबल तुटली की मागची सगळी गावं एका झटक्यात ऑफलाइन. यातल्या बहुतेक गावांना बाहेरून रस्ता नाही, जायचं तर विमानाने. तिथे इंटरनेट जाणं म्हणजे रील्स थांबणं एवढंच नसतं. दवाखान्याचा शहरातल्या डॉक्टरांशी संपर्क, मोबाइल टॉवर, आपत्कालीन नंबर, सगळं त्याच एका काचेच्या तंतूवर.

याला आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवतात आणि नोकरीत सगळे विसरतात. मी आधी जिथे काम करायचो तिथे सर्व्हरला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन होत्या. एका रात्री दोन्ही एकदम गेल्या. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने दाखवून दिलं की दोन्ही लाइन एकाच पाइपातून येत होत्या. खरा वेगळा मार्ग महाग पडतो म्हणून आधी तो नाकारला होता. त्या रात्रीनंतर मात्र आठवड्याभरात मंजूर झाला.

अलास्कात दुसरा मार्ग का नव्हता? पैसे. उत्कियाविक हे त्या पट्ट्यातलं मोठं गाव, तिथे माणसं साधारण 5 हजार. नोम आणि कॉट्झब्यू त्याहून लहान. एवढ्या लोकांच्या महिन्याच्या बिलातून समुद्री केबलचा खर्च कधीच निघत नाही. म्हणून मूळ कल्पना मोठी होती: आर्क्टिकमधून लंडन ते टोकियो केबल टाकायची, मोठे व्यवहार करणारे ग्राहक मिळवायचे आणि वाटेतल्या गावांना जाता जाता जोडायचं. प्रत्यक्षात अलास्काचा टप्पा झाला, डिसेंबर 2017 मध्ये सुरूही झाला.

त्याच्या मागची गोष्ट मात्र भयंकर आहे. गुंतवणूकदारांना हमी हवी होती, की केबल टाकल्यावर टेलिकॉम कंपन्या नक्की घेतील. कंपनीच्या तेव्हाच्या सीईओने तसे करार दाखवले आणि 25 कोटी डॉलरहून जास्त पैसा उभा केला. त्यातल्या करारांवरच्या सह्या बनावट निघाल्या. 2019 मध्ये तिला पाच वर्षांची शिक्षा झाली. केबल खरी होती, गिऱ्हाईकं खोटी! लोक ही गोष्ट एका व्यक्तीच्या फसवणुकीची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण मला त्यात अजून एक गोष्ट दिसते. खऱ्या गिऱ्हाइकांच्या आकड्यांवर तो पैसा तेव्हा उभा राहत नव्हता.

आता याच्या शेजारी नॉर्वेचं स्वालबार्ड ठेवा. ते अलास्कापेक्षाही उत्तरेला, वस्ती तीनेक हजारांची. तिथे 2004 पासून एक नाही, दोन समुद्री केबल आहेत, प्रत्येकी सुमारे 1,400 किलोमीटर. कारण तिथे उपग्रहांचं मोठं स्टेशन आहे. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह प्रत्येक फेरीत स्वालबार्डवरून दिसतात. हा डेटा अमेरिकेच्या नासा आणि हवामान खात्याला हवा होता, त्यांनी बरीच वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं आणि त्या भरवशावर केबल झाल्या. जानेवारी 2022 मध्ये त्यातली एक बिघडली. दुसरी चालू होती, त्यामुळे बेटांचा संपर्क तुटला नाही.

तिथेही बर्फ आहे, अंधार आहे. फरक एवढाच, की बिल भरणारा मोठा ग्राहक आधीच ठरलेला होता.

इथे कोणीतरी म्हणेल, स्टारलिंक आहे की. बरोबर, आणि केबल तुटल्यावर लोकांनी ते वापरलंही. एका घरासाठी ते झकास आहे. पण अख्ख्या गावाचे टॉवर, दवाखाना आणि शाळा यांचा मिळून ट्रॅफिक वाहून न्यायचा तर फायबरची क्षमता वेगळीच. उपग्रह बॅकअप म्हणून हवाच, पण केबलची जागा तो घेईल असं मला आज वाटत नाही.

आपला याच्याशी संबंध काय? तुमच्या रिचार्जच्या पैशात. आपल्या टेलिकॉम कंपन्या समायोजित महसुलाचे 5 टक्के सरकारच्या एका निधीसाठी भरतात. पूर्वी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी. जिथे धंदा परवडत नाही तिथे नेटवर्क न्यायला तो आहे. चेन्नई–अंदमान केबल (2,300 किलोमीटर, 1,224 कोटी रुपये, 2020) आणि कोची–लक्षद्वीप केबल (1,868 किलोमीटर, 1,072 कोटी, 2024) त्यातूनच झाल्या. खोटी गिऱ्हाईकं दाखवायची वेळ कोणावर आली नाही, कारण हा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा हे आधीच मान्य केलेलं होतं.

अलास्कातही आता गाडी त्याच रस्त्याला लागली आहे. 2023 मध्ये अमेरिकी सरकारने क्विंटिलियनला सुमारे 8.9 कोटी डॉलरचं अनुदान मंजूर केलं, नोमपासून दक्षिणेला होमरपर्यंत नवी केबल टाकायला. ती झाली की मागचं दार उघडेल आणि प्रुडो बेला केबल तुटली तरी गावं दुसऱ्या बाजूने जोडलेली राहतील. मात्र अनुदानात सगळा खर्च निघत नाही, उरलेला पैसा कंपनीला उभा करायचा आहे. आणि या वेळी करारांवरच्या सह्या गुंतवणूकदार दोनदा तपासतील.