दुरुस्ती तयार आहे, मग अडली कोठे?

विद्यार्थी मित्रहो, पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करा. घरातला एखादा अँड्रॉइड फोन घ्या. 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन फोनविषयीची माहिती उघडा आणि सुरक्षा अपडेटपुढे कोणती तारीख आहे ती पाहा. कोणाच्या फोनवर गेल्या महिन्याची तारीख असेल, तर कोणाच्या फोनवर दोन-तीन वर्षांपूर्वीची. दोन्ही फोनची कार्यप्रणाली मुळात एकच, गूगलने केलेली. मग एकाला ताजे आणि दुसऱ्याला शिळे, असे का व्हावे?

समजा, तुमच्या पाठ्यपुस्तकात एक घोडचूक राहिली. लेखकाने ती त्याच दिवशी सुधारली. म्हणून शुद्धिपत्र त्याच दिवशी तुमच्या हाती पडेल का? ते छापखान्यात जाईल, तेथून वखारीत, मग दुकानात आणि शेवटी तुमच्याकडे. फोनच्या अपडेटचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्याने होतो.

पहिला टप्पा गूगलचा. गूगल नवी आवृत्ती किंवा दुरुस्ती तयार करून जाहीर करते. दुसरा टप्पा चिप बनविणाऱ्या कंपनीचा. नवी आवृत्ती त्या चिपवर नीट चालावी म्हणून चिपशी बोलणारा सॉफ्टवेअरचा भाग सुधारावा लागतो. तिसरा टप्पा फोन बनविणाऱ्या कंपनीचा. तिचा कॅमेरा, तिची पडद्याची मांडणी, तिची ॲप्स यांचा मेळ नव्या आवृत्तीशी घालावा लागतो. चौथा टप्पा मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीचा. अमेरिकेत कित्येक फोन या कंपन्याच हप्त्यांवर विकतात आणि त्यांत स्वतःची ॲप्सही घालतात. त्यामुळे अपडेट आधी त्यांच्याकडे तपासणीला जाते. बोलणे नीट होते का, एका मनोऱ्याच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जाताना कॉल तुटत नाही ना, ९११ हा संकटकाळचा क्रमांक लागतो का, हे सारे पाहिले जाते. पसंती मिळाली की अपडेट आधी थोड्या फोनना आणि मग इतरांना धाडले जाते.

आता एक खरे उदाहरण. २०११च्या अखेरीस सॅमसंगने बनविलेला 'गॅलेक्सी नेक्सस' हा फोन बाजारात आला. त्यातले सॉफ्टवेअर थेट गूगलचे होते. त्याचा एक प्रकार कोणत्याही सेवेशी न बांधलेला, तर दुसरा अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीसाठी काढलेला. अँड्रॉइड ४.१ ही आवृत्ती पहिल्या प्रकाराला जुलै २०१२ मध्ये मिळू लागली. व्हेरायझनच्या ग्राहकांना मात्र सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले. "पाहा, सारा दोष व्हेरायझनचा!" असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकला आहात. या दोन प्रकारांत रेडिओचा भागही वेगळा होता. म्हणून उशिराचा किती वाटा तपासणीचा आणि किती रेडिओचा, हे एवढ्यावरून ठरविता येत नाही.

शिवाय तपासणी निरर्थक नाही. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ॲपलने आयओएस ८.०.१ हे अपडेट सोडले. ज्यांनी ते 'आयफोन ६'वर घेतले, त्यांतील अनेकांच्या फोनचे नेटवर्कच गेले. सुमारे तासाभरात ॲपलला ते मागे घ्यावे लागले आणि दुसऱ्या दिवशी सुधारलेली आवृत्ती द्यावी लागली. २०२१च्या डिसेंबरात तर याहून गंभीर गोष्ट उघडकीस आली. गूगलच्या पिक्सेल फोनवर मायक्रोसॉफ्टचे 'टीम्स' हे ॲप विशिष्ट अवस्थेत असल्यास ९११ला कॉल लागत नव्हता. घरात कोणी अत्यवस्थ असताना हे घडले तर काय होईल, याची कल्पना करा. घाईने दिलेली दुरुस्ती हीच नवी नादुरुस्ती ठरू शकते.

मग उशीर सोसावा का? माझे मत असे की, मुळीच नाही. मात्र कशाला उशीर चालेल आणि कशाला नाही, हे वेगळे केले पाहिजे. पडद्याचा नवा रंग किंवा नवी चित्रे दोन महिन्यांनी आली तरी कोणाचे काही बिघडत नाही. सुरक्षेची दुरुस्ती मात्र त्याच रांगेत उभी करता कामा नये. याचे कारण शुद्धिपत्रातच आहे. शुद्धिपत्र छापले की चूक कोणत्या पानावर आहे हे सर्वांना कळते, आणि चोरालाही कळते! दुरुस्ती जाहीर झाली की तिचा अभ्यास करून भोक कोठे होते हे शोधता येते. म्हणजे ज्या फोनला दुरुस्ती पोचलेली नाही, त्याचा धोका जाहीर झाल्या दिवसापासून कमी न होता वाढतो.

जुलै २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उजेडात आला. मुद्दाम बिघडविलेली चित्रफीत संदेशातून पाठवून फोनमध्ये शिरकाव करणे त्यामुळे शक्य होते. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करण्यास सुरुवात केली. पुढे २०१७ मध्ये, अँड्रॉइड ८ बरोबर, चिपशी निगडित भाग आणि मुख्य प्रणाली यांची फारकत करण्यात आली. २०१९ मध्ये, अँड्रॉइड १० पासून, काही भाग प्ले स्टोअरमार्फत परस्पर दुरुस्त होऊ लागले. म्हणजे रांग लहान करणे अशक्य नव्हते. त्यासाठी मनावर घ्यावे लागले, इतकेच.

आपल्याकडे बहुतेक लोक फोन दुकानातून घेतात आणि सिमकार्ड वेगळे घेतात. त्यामुळे चौथ्या टप्प्याचा जाच आपल्याला फारसा नाही. पण साखळीची दुसरी बाजू आपणही पाहिली आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५-जी सेवेचे उद्घाटन झाले. लवकरच मुंबई आणि नागपूर येथे एअरटेलची ही सेवा सुरू झाली. ५-जी चालू शकेल असे आयफोन लोकांच्या खिशात होते, पण डिसेंबरात आयओएस १६.२ येईपर्यंत ते ५-जी वापरू शकत नव्हते. येथे सेवा तयार होती आणि फोनचे अपडेट मागे राहिले होते. तेव्हा दर वेळी मोबाइल सेवेच्या कंपनीलाच बोल लावणे न्यायाचे नाही.

न्यायाचे काय? तपासणी जरूर व्हावी, पण तिला मुदत हवी आणि ती मुदत ग्राहकाला ठाऊक हवी. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे. सुरक्षेची दुरुस्ती जाहीर झाल्यापासून चार महिन्यांत आणि नव्या सोयी सहा महिन्यांत ग्राहकाला मिळाल्या पाहिजेत. आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट मिळत राहिली पाहिजेत. चार महिनेही मला जास्तच वाटतात. पण मुदत नसण्यापेक्षा चार महिन्यांची मुदत बरी. असा नियम आपल्याकडेही असावा आणि अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील ते फोनच्या खोक्यावर ठळक छापलेले असावे.

हे का महत्त्वाचे, ते तुमच्याच घरात पाहा. नवा फोन मोठ्यांकडे जातो. जुना आजीकडे किंवा अभ्यासासाठी तुमच्याकडे येतो. दुरुस्ती बंद पडलेला फोन नेमका त्यांच्या हाती येतो ज्यांना धोका ओळखणे कठीण. अशा फोनवरून पैशांचे व्यवहार करू नयेत, एवढे तरी आजच घरी सांगा.

शिक्षकांना एक विनंती. सुरुवातीचा प्रयोग वर्गात करून घ्यावा. विद्यार्थ्यांनी घरून आणलेल्या तारखा, फोनचे वय आणि किंमत यांचा तक्ता फळ्यावर मांडावा. स्वस्त फोन लवकर मागे पडतात का, हे मुलांनी स्वतःच शोधावे. आणि पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी, "याला अपडेट किती वर्षे मिळतील?" असे विचारावे. हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर त्याचे उत्तर खोक्यावर छापावेच लागेल.