मध्ययुगाचा पुरावा उत्तरेत उरला आहे

कलेच्या इतिहासात एम.ए. करायला निघालेला विद्यार्थी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क किंवा आइसलंडची मध्ययुगीन कला निवडतो, तेव्हा त्याला तीन आक्षेप ऐकावे लागतात. पहिला, ही कला उसनी आहे; गॉथिक शैली पॅरिसच्या आसपास घडली आणि उत्तरेला पोचल्या त्या तिच्या नकला. दुसरा, पदव्युत्तर अभ्यासाला पुरेल इतके तिथे शिल्लकच नाही. तिसरा, हा विषय वंशाभिमान्यांनी नासवला आहे, त्यापासून दूर राहावे. हे आक्षेप जाणत्या माणसांकडून येतात, म्हणून त्यांना मुद्देसूद उत्तर दिले पाहिजे. माझे मत स्पष्ट आहे: युरोपच्या मध्ययुगाचा गंभीर अभ्यास करायला याहून कसदार क्षेत्र क्वचितच सापडेल.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करू, कारण तो साध्या मोजणीपुढे टिकत नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत प्रतिमाभंजकांनी चर्च इतकी कसून रिकामी केली, की तिथली १३५० पूर्वीची लाकडी फलकांवरची वेदीचित्रे बोटांवर मोजता येतात. वेस्टमिन्स्टरचा आणि थॉर्नहॅम पार्व्हाचा फलक ही त्यांतली ठळक नावे. नॉर्वेत मात्र साधारण १२५० ते १३५० या काळातले, वेदीच्या दर्शनी बाजूला लावायचे तीसेक रंगवलेले फलक आजही आहेत. त्यांतले बरेचसे बर्गनच्या विद्यापीठ संग्रहालयात ठेवले आहेत. हे कसे घडले? नॉर्वेत १५३७ च्या सुमारास ल्यूथरचा पंथ आला. त्याने प्रतिमांची पूजा थांबवली, पण सरसकट फोडाफोड केली नाही. आणि दऱ्याखोऱ्यांतल्या गरीब गावांकडे जुने काढून नवे बसवण्याइतका पैसा नव्हता. श्रीमंत केंद्रांनी जे गमावले, ते गरीब कडेने सांभाळले.

हानी झाली, हेही मान्य केले पाहिजे. लाकडी खांबांवर उभारलेली स्टाव्ह चर्च नॉर्वेत एके काळी शेकड्यांनी होती. आज २८ उरली आहेत. एकोणिसाव्या शतकात ती अपुरी पडतात म्हणून पाडली जात होती. चित्रकार योहान ख्रिस्तियान डाल यांनी १८३७ मध्ये त्यांच्यावर सचित्र ग्रंथ काढला, १८४४ मध्ये जतनासाठी संस्था उभी राहिली आणि मग बोर्गुनसारखी चर्च वाचली. वांगचे चर्च तर सुटे करून प्रशियाच्या राजाकडे गेले. ते आज पोलंडमध्ये उभे आहे. आइसलंडमधले एकही मध्ययुगीन चर्च जागेवर राहिलेले नाही. पण काय उरले, काय गेले आणि का, हाही कलेच्या इतिहासाचाच प्रश्न आहे, आणि तो विचारायला उत्तरेइतकी चांगली जागा नाही.

आता नकलेचा आक्षेप. नॉर्वेतल्या ऊर्नेसच्या स्टाव्ह चर्चचे उत्तरेकडचे कोरीव दार पाहा. लांबट प्राण्यांचे आणि वेलींसारख्या सापांचे ते गुंफण सुमारे १०७० चे आहे. चर्चची आजची इमारत बाराव्या शतकातली. जुन्या चर्चचे दार सुतारांनी नव्या भिंतीत जपून बसवले. आत मात्र त्याच इमारतीत रोमनेस्क दगडी बांधकामातले स्तंभशीर्ष आणि अर्धवर्तुळाकार कमानी लाकडात उतरवल्या आहेत. हे कारागीर दोन्ही परंपरा जाणत होते आणि विचार करून निवड करत होते. शिवाय प्रवाह एकाच दिशेने वाहत नव्हता: आयर्लंडमधल्या काँगच्या क्रुसावर, म्हणजे ११२३ च्या सुमाराच्या कामावर, ऊर्नेस शैलीचा ठसा उघड दिसतो.

त्याहून मोठा धक्का रंगाचा आहे. इटालियन कलाचरित्रकार वासारीने १५५० मध्ये तैलरंगाच्या शोधाचे श्रेय फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइकला दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते खरे मानले गेले. नॉर्वेच्या त्या फलकांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा रंग जवसाच्या तेलात कालवल्याचे दिसले. व्हान आइकच्या शतकभर आधीचे हे काम आहे. ज्याला अनुकरण म्हणून बाजूला सारले, त्यातूनही मुख्य इतिहासातली चूक दिसून येते.

वंशाभिमान्यांचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. नाझींनी उत्तरेच्या जुन्या रूनलिपीची चिन्हे गणवेशावर चढवली, हे विसरता येत नाही. पण त्यावरचा उपाय पाठ फिरवणे हा नव्हे. स्वीडनच्या मेलारेन सरोवरातल्या हेल्गो बेटावर १९५६ मध्ये कमळावर बसलेली बुद्धाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती साधारण सहाव्या शतकातली आणि भारतीय उपखंडाच्या वायव्येकडून आलेली मानली जाते. त्याच बेटावर आयरिश बिशपच्या दंडाचे टोक आणि इजिप्तमधला कॉप्टिक डावही मिळाला. आइसलंडमधल्या सुमारे १२०० च्या वाल्थ्योफ्स्स्तादुर दारावर सिंहाला ड्रॅगनच्या तावडीतून सोडवणारा सरदार कोरला आहे. ही कथा फ्रेंच दरबारी वाङ्मयाच्या वर्तुळातली, आणि तिथला लेख रूनलिपीत. शुद्ध, एकाकी उत्तरेची कल्पना या वस्तूच खोडून काढतात. मैदान सोडले, तर खोटे बोलणाऱ्यांना मोकळे रान मिळेल.

म्हणून मंडन असे. इथे बहुतेक कारागिरांची नावे नाहीत, करारपत्रे फारशी नाहीत. विद्यार्थ्याला वस्तूकडूनच उत्तर काढावे लागते. त्याला लॅटिन आणि जुनी नॉर्स हवी, एक आधुनिक स्कॅन्डिनेव्हियन भाषा हवी, जर्मन वाचता यावे. झाडाच्या कड्यांवरून लाकडाचे वय कसे ठरते, रंगाचे थर कसे तपासतात, हे समजले पाहिजे. शिस्त कठोर आहे, पण यातूनच संशोधक घडतो.

‘अजिंठा-वेरूळ दाराशी असताना तिकडे कशाला?’ असे मराठी घरांत विचारले जाईल. अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठातले वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यातली कित्येक दशके अजिंठ्याला दिली, आणि त्याचा लाभ आपल्यालाच झाला. शिवाय भाजे-कार्ल्याच्या चैत्यगृहांतली लाकडी कामाची नक्कल जो निरखतो, त्याला लाकडी वास्तुकला दगडावरून ताडावी लागते. नॉर्वेत तो मध्ययुगातले लाकूडच हाताळून शिकू शकतो आणि ते शिक्षण घेऊन कार्ल्याला परत येऊ शकतो.

तेव्हा मार्गदर्शकांना विनंती आहे: विषय आडवाटेचा म्हणून विद्यार्थ्याला परावृत्त करू नका, त्याची भाषांची तयारी आहे का, एवढेच कडकपणे तपासा. आणि विद्यार्थ्याने अर्ज भरण्याआधी जुन्या नॉर्सचे व्याकरण हाती घ्यावे.