अर्ध्या बाटलीचा हिशेब
नाशिकच्या एखाद्या उपाहारगृहात समानरुची मित्रासमवेत आपण वाईन मागवता. वर्ण, सुगंध, द्राक्षांची जात यांवर गप्पा रंगतात. त्या गप्पांची गोडी मीही जाणतो. परंतु 13 टक्के मद्यार्काच्या 750 मिलीलिटर बाटलीतील निम्म्या वाट्यात सुमारे 38 ग्रॅम मद्यार्क असतो. त्याचा निचरा करण्यास यकृताला साधारण पाच तास लागतात. कॉफीने तो वेग वाढत नाही. या काळात यकृत रक्तात साखर सोडण्यात उणे पडते. मित्र इन्सुलिन घेत असेल, तर मध्यरात्री त्याची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे यांना निव्वळ नशा समजू नका. पेला भरण्यापूर्वीच त्याला औषधांविषयी विचारा, आणि गाडीच्या किल्ल्या न पिणाऱ्याकडे सोपवा.