बरे वाटत असतानाचे औषध

खानदेशात दिवाळी सरते, नव्या वह्यांचे पूजन होते, जिनिंग कारखान्यांपुढे कपाशीच्या गाड्या उभ्या राहतात आणि पहाटेचा गारवा वाढू लागतो. व्यापाराच्या दृष्टीने हे दिवस भरभराटीचे. काही घरांना मात्र ते वेगळ्याच कारणाने लक्षात राहतात. मध्यरात्री सात-आठ वर्षांचे मूल खोकत उठते, छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागतो, आजी पाठ चोळते, वडील गाडी बाहेर काढतात. दवाखान्यात मशीनने वाफ दिली जाते, तासाभरात श्वास मोकळा होतो, तीन दिवसांची औषधे मिळतात. चौथ्या दिवशी मूल शाळेत जाते आणि घर ती रात्र विसरते. पंधरा-वीस दिवसांनी तीच रात्र पुन्हा येते.

जळगावच्या दाणाबाजारापासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत अशी घरे आहेत. यातील बहुतेकांना पैशाची अडचण नसते, डॉक्टरही हाकेच्या अंतरावर असतात. तरीही मुलाचा आजार आटोक्यात येत नाही, कारण उपचार फक्त त्या रात्रीचा होतो. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांचा उपचार कोणीच करत नाही.

पहिली अडचण नावाची असते. ‘दमा’ हा शब्द घरात उच्चारला जात नाही. ‘कफाची प्रकृती’, ‘धुळीची अ‍ॅलर्जी’, ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’ अशा शब्दांनी वेळ निभावली जाते. मुलगी असेल तर पुढे सोयरीक जमण्याची चिंता आतापासूनच सतावते आणि शाळेतही कोणाला कळू दिले जात नाही. काही मुलांचा दमा वयानुसार खरोखर कमी होतो. पण तोवरची वर्षे मुलाने धापा टाकत काढावीत, असा त्याचा अर्थ नव्हे. आजाराला नाव दिल्याखेरीज त्याचा हिशेब ठेवता येत नाही.

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज आलेली असते. थंडी, धूळ, धूर किंवा सर्दीचे विषाणू यांचे निमित्त होताच नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि वाट अरुंद होते. स्नायूंचे आवळणे काही काळाने सुटते, सूज मात्र मूल हसत-खेळत असतानाही आत राहू शकते. म्हणूनच औषधेही दोन प्रकारची आहेत. साल्ब्युटामॉलसारखे आराम देणारे औषध स्नायू सैल करते, काही मिनिटांत गुण देते आणि चार-सहा तासांत त्याचा प्रभाव ओसरतो. ब्युडेसोनाइडसारखे प्रतिबंधक औषध सूज कमी करते. त्याचा गुण दिसायला दिवस-आठवडे लागतात आणि ते बरे वाटत असतानाही नियमाने घ्यावे लागते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर पहिले हातउसने आहे. त्याने आजची नड भागते, पण त्यावर पेढी चालत नाही.

हातउसने वाढत गेले की काय होते, याचा एक मोठा हिशेब ब्रिटनमध्ये मांडला गेला. फेब्रुवारी २०१२ ते जानेवारी २०१३ या वर्षात दम्याने झालेल्या लहानमोठ्या १९५ रुग्णांच्या मृत्यूंची तेथील डॉक्टरांनी एकेक करून छाननी केली आणि २०१४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. आराम देणाऱ्या पंपांची नोंद उपलब्ध असलेल्या १६५ रुग्णांपैकी ६५ जणांना शेवटच्या वर्षात १२ हून अधिक पंप लिहून दिले गेले होते. एका पंपात साधारणपणे २०० फवारे असतात. म्हणजे १२ पंपांचे २,४०० फवारे, दिवसाला सहाहून जास्त. धोक्याची सूचना वर्षभर कागदावर होती; ती कोणी एकत्र वाचली नाही. १९५ पैकी ८७ जण तर मदत मागण्यापूर्वी किंवा तातडीचा उपचार मिळण्यापूर्वीच गेले.

ही नोंद घरीही ठेवता येते. मेडिकलच्या दुकानातील बिले एका पाकिटात जमवावीत आणि आराम देणारा पंप किंवा वाफेचे औषध किती लागले हे दर तीन महिन्यांनी मोजावे. त्याबरोबर, सहा वर्षांवरील मुलाच्या बाबतीत, गेल्या चार आठवड्यांचे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा खोकला, घरघर किंवा धाप लागली का? रात्री दम्यामुळे एकदा तरी जाग आली का? आराम देणारे औषध आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा लागले का? खेळणे, पळणे, जिना चढणे यांत मूल मागे पडले का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर दमा पूर्ण आटोक्यात नाही. तीन-चार ‘हो’ असतील, तर पुढच्या झटक्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पाच वर्षांखालील मुलांसाठी मोजमाप याहूनही कडक आहे.

पुष्कळ घरांत प्रतिबंधक पंप लिहून दिलेला असतो, पण तो कपाटातच राहतो. ‘पंपाची सवय लागते’, ‘तो शेवटचा उपाय आहे’, ‘त्यात स्टिरॉइड असते’ या भीती त्यामागे असतात. सवय लागण्याची भीती निराधार आहे. शेवटच्या उपायाविषयी आकडेच बोलतात. साल्ब्युटामॉलच्या प्रचलित सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा भाग. सिरप पोटातून रक्तात जाऊन सर्व शरीरभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा जेथे हवा तेथेच पोहोचतो. ‘सौम्य’ म्हणून दिले जाणारे सिरप प्रत्यक्षात जड असते.

स्टिरॉइडविषयीची शंका मात्र झटकून टाकण्यासारखी नाही; तिला प्रामाणिक उत्तर हवे. अमेरिका व कॅनडातील १,०४१ मुलांना १९९० च्या दशकात चार ते सहा वर्षे औषधे देऊन, पुढे मोठेपणी त्यांची उंची मोजण्यात आली. ब्युडेसोनाइड ओढणाऱ्यांची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा तोटा आहे. तो मान्य करावा आणि डॉक्टरांनी शक्य तितकी कमी मात्रा ठरवावी, उंची वेळोवेळी मोजावी. परंतु प्रतिबंधक टाळणाऱ्या मुलाला दर झटक्याला स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावी लागतात आणि त्यांची मात्रा कितीतरी मोठी असते. स्टिरॉइड टाळण्याच्या नादात तेच अधिक प्रमाणात पोटात जाते.

औषध योग्य असूनही गुण येत नसेल, तर आधी ओढण्याची पद्धत तपासावी. पंपाच्या जन्माची कथा बोलकी आहे. १९५५ मध्ये अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे आपले औषध डब्यात का मिळत नाही? पुढच्याच वर्षी मोजक्या मात्रेचा पंप बाजारात आला. पण फवारा दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ मुलांना जमत नाही, म्हणून मध्ये स्पेसर ही पोकळ नळी लागते. लहान मुलांसाठी तिला मास्क जोडतात. पंप हलवावा, एका वेळी एकच फवारा द्यावा, मुलाने पाच-सहा संथ श्वास घ्यावेत आणि अर्ध्या-एक मिनिटाने दुसरा फवारा द्यावा. प्रतिबंधक घेतल्यावर चूळ भरून थुंकावी. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता वाळवावा. दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर करून पाहिला आणि झटका आलेल्या मुलांमध्ये तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. अडचण किमतीची क्वचितच असते; दाखवून देण्याची आणि पाहून घेण्याची असते. प्रत्येक भेटीत मुलाला डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवायला लावावे.

घराचीही पाहणी करावी. ज्यांचे राहणे दुकानाच्या वर आहे, त्यांच्याकडे धान्याची धूळ आणि मिरचीचा ठसका जिन्याने वर येतो. दालमिल किंवा जिनिंगमधून परतलेल्या वडिलांनी कपडे बदलूनच मुलाला जवळ घ्यावे. मुलाच्या खोलीत धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल नसावी. जीवदयेपोटी फटाके न वाजवण्याचा नियम पाळणारी घरे मुलांच्या श्वासाचेही रक्षण करतात. पक्ष्यांना दाणे घालायचे, तर ते मुलाच्या खिडकीखाली नकोत. उलट, आहारातील बंदी बहुधा अकारण असते. केळीच्या जिल्ह्यात राहून मुलाला केळे वर्ज्य करण्याचे कारण नाही. एखाद्या पदार्थाने त्रास होतो हे सिद्ध झाले तरच तो सोडावा. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य असलेल्या घरांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे मात्रांच्या वेळा त्यानुसार बसवता येतील का ते पाहता येते. मनाने संध्याकाळची मात्रा गाळू नये. कोजागरीला खिरीतून मिळणारे औषध किंवा घटक न लिहिलेल्या पुड्या घेऊन प्रतिबंधक बंद करणे हा तर मोठाच धोका होय.

उपचार एकाच बालरोगतज्ज्ञाकडे, एकाच फाइलमध्ये चालावा. वर्षात दोनदा स्टिरॉइडच्या गोळ्या लागल्या, एकदा जरी दाखल व्हावे लागले किंवा नियमित प्रतिबंधक घेऊनही गुण नाही, तर मुलांच्या श्वसनविकारांची माहिती असलेल्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गरज भासल्यास मुंबईत वाडिया बाल रुग्णालय आहे. परंतु मुंबईची एक फेरी आणि परतल्यावर महिन्याभरात बंद केलेली औषधे, यापेक्षा गावातील डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांची फेरी अधिक मोलाची ठरते.

डॉक्टरांकडून कृतीचा लेखी कागद घ्यावा: रोज काय, त्रास वाढला तर काय, आणि कधी निघायचे. त्याची एक प्रत शाळेत द्यावी. मूल वाक्य पूर्ण बोलू शकत नाही, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, मूल सुस्त होते किंवा फवाऱ्याने आराम पडत नाही, यातील एकही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे.

आपल्या दुकानातील हमाल, मापाडी यांची मुलेही हीच हवा घेतात. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांच्या ज्या आजारांची तपासणी होते, त्यांत श्वासनलिकांच्या या विकाराचा समावेश आहे. ब्युडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल ही दोन्ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत. मालकाने एवढी माहिती आणि एक स्पेसर दिला, तरी एखाद्या घराच्या रात्री शांत होतील.

मूल शांत झोपते आहे, खेळते आहे, खोकला नाही, अशा दिवशी डॉक्टरांची वेळ घेणे विचित्र वाटेल. तरी ती घ्यावी, आणि बिलांचे पाकीट बरोबर न्यावे.